दगडपालट्यांचा पहारा

पहाऱ्यावर बसलेल्या माणसाशी बोलायचं नाही, हा आमच्या किनाऱ्यावरचा पहिला नियम. त्याला पाव मागायचा नाही, किती वाजले म्हणून विचारायचं नाही, शिंक आली तरी तोंड दुसरीकडे करून शिंकायचं. आणि त्यानं एकदा "दर्या" म्हटलं, की हातातलं असेल ते टाकून वर पळायचं. का, कुठे, केवढी लाट, काही विचारायचं नाही. ज्यानं विचारलं, त्याला दुसऱ्या दिवसापासून कुठलीच टोळी सोबत घेत नाही, मग तो कोणाचा सख्खा भाऊ का असेना.

दोसिंदा या पहाऱ्यावर चौतीस वर्षं बसत होती. त्याआधी ती स्वतः खाली उतरायची. एकदा गुडघा खडकात अडकून निखळला, तेव्हापासून वर बसली ती बसलीच. चौतीस वर्षांत तिच्या पहाऱ्याखाली एकही माणूस समुद्रानं नेला नव्हता. गालिसियाच्या या टोकाला, जिथे प्रत्येक गावाच्या दफनभूमीत एक कोपरा रिकाम्या थडग्यांचा असतो, तिथे ही काही लहान गोष्ट नव्हे. दुसऱ्या टोळीतली माणसंसुद्धा रस्त्यात दोसिंदा दिसली की टोपी काढायची.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर पेर्सेबेसाठी. दिसायला काही देखणी चीज नव्हे ती. बोटाएवढा काळा देठ, टोकाला नखासारखं कवच, आणि घोसच्या घोस खडकाला असे चिकटलेले की लोखंडी खुरप्यानं ताकद लावून खरवडावे लागतात. नाताळात मात्र ते खायला लोक जीव टाकतात. आता हा पेर्सेबे शांत कोपऱ्यात वाढला असता तर कोणाचं काय गेलं असतं? पण नाही. तिथला लांबट, पाणचट होतो, कोणी विचारत नाही. आखूड, जाड, गोड हवा तर जिथे लाट सगळ्यात जोरात आपटते तिथेच जायला हवं. आमच्याकडे ती जागा म्हणजे "म्हातारीचा दात". समुद्रात घुसलेला एक उभा सुळका, ओहोटीला दोन तास उघडा पडणारा.

त्या दातावर माणसांच्या आधी पाखरं उतरायची. दगडपालटी. मुठीएवढं अंग, पाठ खडकाच्या रंगाची, पोट पांढरं, पाय नारिंगी. हिवाळाभर इथे असतात. चोचीनं दगड उलथायचे, शेवाळाची कड उचलायची, खालचं किडूकमिडूक गट्ट करायचं. लाट मागे सरली की तिच्या पाठोपाठ खाली धावायचं, लाट आली की तिच्या पुढे हातभर वर पळायचं. दिवसभर हेच. बघणाऱ्याला वाटावं, आत्ता भिजलं, आत्ता गेलं. भिजत नाहीत. आणि खरोखरची मोठी लाट यायची असली, की ती धावत नाहीत, सगळी एकदम उडतात. उडताना पंखांवरचा पांढरा पट्टा चमकतो आणि "टुकटुकटुक" असा आवाज होतो.

दोसिंदाच्या आईनं तिला हे लहानपणीच दाखवून ठेवलं होतं. "समुद्राकडे बघच," आई म्हणाली होती, "पण त्यांच्याकडे जास्त बघ. आपलं चुकलं तर माणसं रडायला तरी आहेत. त्यांना चुकून चालत नाही."

मग दोसिंदा दोन्हीकडे बघायची. लांब क्षितिजाजवळ पाण्यावर काळसर घड्या उठताना दिसल्या की मनात मोजायला लागायची, आणि पाखरं उडाली की ओरडायची. पण दोन वर्षांपासून तिच्या डोळ्यांत कोणी दूध ओतल्यासारखं झालं होतं. आधी क्षितिज गेलं. मग होड्या गेल्या. दातावरच्या माणसांचे नुसते काळे ठिपके झाले. तीस पावलांवर चमकणारा तो पांढरा पट्टा तेवढा अजून दिसायचा, आणि कान शाबूत होते. तेवढ्यावर ती निभावून नेत होती. कोणाला चकार शब्द बोलली नाही. डॉक्टरकडे गेली असती तर त्यानं कागदावर लिहून दिलं असतं, तो कागद पेर्सेबे काढणाऱ्यांच्या संघाच्या कचेरीत गेला असता, आणि दुसऱ्या दिवशी दोसिंदा घरी.

घरी जाऊन करणार काय? नवरा, एलादिओ, याच दोन वर्षांत गेला होता. समुद्रानं नाही, छातीच्या दुखण्यानं, स्वतःच्या पलंगावर. तो होता तेव्हा त्याच्या घोरण्याला ती शिव्या घालायची. आता घरात भांडं पडलं तरी तिला बरं वाटायचं, की चला, काही तरी वाजलं. मुलगी सबेला गावातच, दोन गल्ल्या सोडून राहायची, पण तिचं तिला कमी होतं का? पहाऱ्यावरचे ते दोन तास हेच दोसिंदाचं माणसांत असणं होतं, आणि गंमत म्हणजे त्या दोन तासांत तिच्याशी कोणी बोलायचं नाही.

नोव्हेंबरात एक पाखरू वर आलं. एका पायाचा पंजा नव्हता, खुंटावर तोल सावरत उड्या मारायचं. ती मादी आहे असं दोसिंदानं आपलं ठरवून टाकलं. लाटेपुढे तिला पळता येत नसावं, म्हणून वरच्या कोरड्या खडकावर उपाशीपोटी दगड उलथत बसली होती. दोसिंदाला कळवळा आला. बाजूच्या भेगेतला एक शिंपला तिनं टाचेखाली फोडला आणि पुढे सरकवला. लंगडीनं मान तिरकी करून बघितलं आणि खाल्ला.

"खा बाई," दोसिंदा पुटपुटली. "आपण दोघी एका पायाच्या."

दुसऱ्या दिवशी लंगडी आली ती सोबत आणखी दोघांना घेऊन. पुढच्या आठवड्यात सहा झाली. दोसिंदा आता घरूनच शिंपले फोडून अॅप्रनच्या ओच्यात बांधून आणायला लागली. जानेवारी उजाडला तेव्हा अठरा दगडपालटी तिची वाट बघत बसलेली असायची. ती आली की पायांभोवती गर्दी करायची, बुटांच्या नाड्या ओढायची. ती त्यांना गावातल्या बातम्या सांगायची, एलादिओच्या चुगल्या करायची. पहाऱ्यावरच्या माणसानं बोलू नये हे ती विसरली नव्हती. पण पाखरांशी बोलणं म्हणजे काही बोलणं नव्हे, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती.

त्या मंगळवारी वादळ ओसरून दोन दिवस झाले होते. समुद्र कसा गुळगुळीत. टोळी अकराच्या ओहोटीला उतरायला आली. टोळीची म्होरकी एर्मितास, पन्नाशी उलटलेली, जिभेनं खुरप्याचं काम करणारी बाई. सोबत सबेला, आणि दोर धरायला अमारो, जो गप्प बसला तर आजारी आहे असं समजावं.

"मावशी, ओच्यात काय लपवलंय?" अमारोनं रबरी पोशाख चढवता चढवता विचारलं. "आम्हालाही दे की थोडं."

"तुझ्या दातांना झेपायचं नाही," दोसिंदा म्हणाली.

"ही पाखरं फार लाडावलीयत हल्ली," एर्मितास म्हणाली. "काल माझ्या झोळीत चोच घालत होती." मग तिनं हात वर केला. तो वर गेला की पहारा सुरू आणि बोलणं बंद.

सबेला जाता जाता आईचा स्कार्फ नीट करून गेली. थोड्या वेळानं ती आणि अमारो दातावर पोचल्याचं दोसिंदाला खुरप्याच्या आवाजावरून कळलं. एर्मितास अलीकडच्या खडकावर होती.

पाखरं पायाशी होती. दोसिंदानं ओचा सोडला. उन्हानं पाठ शेकत होती, समुद्र शांत श्वास घेत होता, आणि लंगडी तिच्या बुटावर चढून बसली होती. दोसिंदा अधूनमधून दाताकडे नजर टाकायची. पांढरं काही चमकत नव्हतं. सगळं ठीक आहे, तिला वाटलं. पाखरं निवांत आहेत म्हणजे काळजी नाही. गंमत म्हणून ती त्यांना मोजायला लागली. पंधरा, सोळा, सतरा, आणि बुटावरची लंगडी, अठरा.

अठराच्या अठरा इथे आहेत.

मग तिकडे दातावर उडायला कोण आहे? ती कोणाच्या उडण्याची वाट बघत बसली होती? तिनं मान वर केली आणि दुधाळ उजेडात डोळे ताणले. काहीच दिसेना. पण ऐकू आलं. नव्हे, ऐकू यायचं थांबलं. दाताच्या बुडाशी चाललेली खळखळ कोणी तोंडावर हात ठेवावा तशी बंद झाली. पाणी मागे ओढलं जात होतं.

"दर्या!"

ओरडली ती, पण लाट आणि तिचा आवाज दोन्ही बरोबरच पोचले. आधी तो दणका, मग वर उडालेल्या पाण्याचा सडा, मग अमारोची आरोळी. दोसिंदा चाचपडत खडकाच्या कडेपर्यंत गेली. "सबेला" एवढंच तिच्या तोंडून येत राहिलं. पाखरं केव्हाच उडून गेली होती.

अमारोनं दोर सोडला नाही म्हणून सबेला वाचली. लाटेनं तिला दातावरून उचललं, खाली आपटलं आणि परत ओढायला लागली तेव्हा तिच्या कमरेचा दोर ताणला गेला. अमारोच्या तळहातांची सालं निघाली. सबेलाच्या खांद्याचं हाड मोडलं, कपाळाला खोक पडली. दोघांना वर आणलं तेव्हा एर्मितासनं दोसिंदाकडे एक नजर टाकली.

संध्याकाळी सगळे सबेलाच्या स्वयंपाकघरात जमले. चुलीवर कोबी-बटाट्याचं कालवण उकळत होतं. सबेलाचा हात गळ्यात बांधलेला, चेहरा पांढराफटक, पण ती हसत होती. अमारोचे दोन्ही तळवे पट्ट्यांत गुंडाळलेले. त्यानं एर्मितासला पाव बुडवून भरवायला सांगितलं, आणि तिनं तो त्याच्या नाकावर आपटला.

"मुकी लाट होती," एर्मितास म्हणाली. "माझ्या बापाला अशीच घेऊन गेली. आवाज नाही, इशारा नाही. तिला कोणीही पकडू शकलं नसतं."

"आईनं हाक तरी मारली," सबेला म्हणाली. "नाहीतर मी पाठमोरीच होते. वळले म्हणून डोकं वाचलं."

"शुक्रवारी परत चांगली ओहोटी आहे," एर्मितास म्हणाली. "सबेला नाही, पण तिची चुलतबहीण येईल. दोसिंदा, तू बसतेस ना?"

बस, एवढंच होतं. नुसती मान हलवली असती तरी झालं असतं. कोणाला संशय नव्हता, उलट सगळे तिची समजूत घालत होते. दोसिंदानं मुलीकडे पाहिलं. टेबलापलीकडे बसलेल्या पोटच्या पोरीचा चेहरा तिला धुक्यात दिसत होता. कपाळावरची पट्टी कुठे संपते आणि कपाळ कुठे सुरू होतं हेसुद्धा कळत नव्हतं.

"मला दिसत नाही," ती म्हणाली.

"आता इतक्या धक्क्यानंतर कोणालाही..." अमारोनं सुरुवात केली.

"दोन वर्षं झाली. लांबचं काही दिसत नाही. मी पाखरं उडताना बघून ओरडत होते. आणि पाखरं मी स्वतःच तिथून हलवली. शिंपले घालून घालून माझ्या पायाशी आणून बसवली. आज दातावर एकही नव्हतं. मुकी बिकी काही नव्हती ती लाट. मी पाखरांशी गप्पा मारत बसले होते."

कालवण उतू गेलं तरी कोणी उठलं नाही.

"दोन वर्षं आम्ही तुझ्या भरवशावर खाली उतरतोय," एर्मितास हळू आवाजात म्हणाली. ती ओरडली असती तर दोसिंदाला सोपं गेलं असतं. "माझी पोरं घरी असतात, दोसिंदा. मी त्यांना सांगून येते, दोसिंदा आहे, काळजी करू नका."

"माहीत आहे."

"काही माहीत नाही तुला. माहीत असतं तर घरी बसली असतीस." एर्मितासनं खुर्ची मागे सारली, कोट उचलला आणि निघून गेली. अमारो दारात घुटमळला. मग तोही गेला.

सबेलानं डाव्या हातानं भांडं खाली उतरवलं. "मला का नाही सांगितलंस?"

"तू मला घरी बसवलं असतंस."

"हो, बसवलं असतं."

"घरी कोण आहे गं?" दोसिंदा म्हणाली आणि रडायला लागली. एलादिओच्या अंत्यसंस्काराला ती रडली नव्हती. सबेला तिच्याजवळ येऊन बसली. चांगल्या हातानं आईला धरून ठेवलं, पण तुझं काही चुकलं नाही असं म्हणाली नाही. चुकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एर्मितास आली. उंबरठ्यावरच उभी राहिली, आत येऊन बसायचं तिच्या मनात नव्हतं.

"खांदा जुळेपर्यंत सबेला पहाऱ्यावर बसेल," ती म्हणाली. "तिला डोळे आहेत, पण बघायचं काय ते तिला ठाऊक नाही. ते तू शिकव. तू टोळीत नाहीस, हे आत्ताच सांगते. फक्त शिकवायचं." आणि वळता वळता म्हणाली, "आणि त्या पाखरांचं बघ. तू बिघडवलीस, तूच निस्तर. ती दातावर परतल्याशिवाय माझं माणूस दातावर जाणार नाही."

मायलेकी ओहोटीला गेल्या. दोसिंदाचा ओचा आज रिकामा होता. तरी ती येताना दिसल्याबरोबर पाखरं धावत आली, बुटांभोवती फेर धरला, नाड्या ओढल्या. सबेलाला त्याही परिस्थितीत हसू आलं.

दोसिंदानं खाली वाकून मूठभर खडे उचलले. "निघा," ती म्हणाली आणि पहिला खडा फेकला. पाखरं दोन पावलं सरकली आणि परत आली. त्यांना वाटलं खायलाच टाकलं. ती त्या खड्याला चोचीनं उलथून बघायला लागली. ते बघून दोसिंदाचा जीव तुटला. मग तिनं ओचा सोडून दोन्ही हातांनी फडफडवला, पाय आपटले, तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या, एलादिओला द्यायची त्यासुद्धा. पाखरं उठली, हवेत एक वळण घेऊन पुन्हा उतरली. ती परत धावून गेली. असं पाऊण तास चाललं. शेवटी ती धापा टाकत उभी राहिली तेव्हा सबेला म्हणाली, "आई, गेली. दातावर उतरली. खाली पाण्याशी आहेत."

"काय करतायत?"

"लाटेमागे पळतायत. दगड उलथतायत."

"मोज."

सबेलानं मोजली. "सतरा."

"लंगडी?"

"तुझ्या मागे आहे."

ती खरंच मागे होती, बुटाच्या टाचेला चिकटून. दोसिंदानं तिला हुसकलं, ती उडी मारून पुढच्या दगडावर गेली. दोसिंदा तिच्या मागे उतरायला लागली. एक पायरी, दोन पायऱ्या, दुखऱ्या गुडघ्यावर हात दाबत, पहाऱ्याच्या जागेच्या बऱ्याच खाली, जिथे शेवाळ ओलं होतं. "जा गं बाई," ती म्हणत होती. "माझ्याकडे आता काही नाही. पडशील, भिजशील, पण जा. तिथे तुझं तुला मिळेल." लंगडीनं मान तिरकी केली, आणि काय वाटलं कोण जाणे, पंख उघडून सरळ दाताकडे गेली.

"अठरा," वरून सबेला म्हणाली.

दोसिंदा तिथेच उभी राहिली. पुढे सगळं पांढुरकं होतं, समुद्र कुठे आणि आभाळ कुठे कळत नव्हतं. लाटा नेहमीसारख्या येत होत्या, जात होत्या. तिला वाटलं, थोडा वेळ इथेच थांबावं. लंगडीला जमतंय का, तेवढं ऐकून मग जावं.

"दर्या," सबेला म्हणाली.

मोठ्यानं नाही म्हणाली. पहिल्यांदाच म्हणत होती, आवाज चाचरत होता. दोसिंदाला काही ऐकू आलेलं नव्हतं. खळखळ थांबलेली नव्हती, टुकटुक झालेली नव्हती, पांढरं काही चमकलेलं नव्हतं. पोरीनं घाबरून भलतंच काही तरी बघितलं असणार. "कुठे?" हा शब्द तिच्या जिभेच्या टोकावर आला.

तिनं तो गिळला. हातातले उरलेले खडे टाकून दिले, वळली आणि दोन्ही हात खडकावर टेकून, गुडघ्यांवर, जमेल तेवढ्या घाईनं वर चढायला लागली.